जाऊबाईंचं पोट आणि जाऊबाई

जाहिरातीतल्या बायकांना कपडे इतके नेमके कसे बसतात, असं कुणी विचारलं की मी सांगते, मागून. पुढून बघाल तर काय ते फिटिंग! मागे जाऊन बघा, पाठीवर चिमट्यांची रांग असते. कपडे वाळत घालायचे नाहीत हो, चांगले लोखंडी, दातवाले. ते लावायचं काम माझं. कोट ढगळ असला की मागून चिमटून घ्यायचा, बाही लांब असली की आत दुमडून टाचणी मारायची. मुलगी जरा हलली की टाचणी टोचते, म्हणून त्या फोटोत अशा ताठ आणि गंभीर उभ्या असतात. लोकांना वाटतं, काय हिचा तोरा! तोरा कसला डोंबलाचा, टाचणी आहे. स्टुडिओत मला सगळे चिमटेवाली म्हणतात आणि मीही ओ देते.

आता मला चौकशा फार, हे मी आधीच सांगून टाकते. घरातले वैतागतात. पण समोर काहीतरी विचित्र दिसतंय आणि आपण विचारायचं नाही, हे मला जन्मात जमलेलं नाही.

आमच्या स्टुडिओत एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीचे फोटो निघतात. कंपनीच्या मॅडम एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, यंदा थंडीचे कपडे मोठ्या मापांतही निघणार आहेत, आणि जाहिरातीतही मोठ्या मापाची बाई दिसली पाहिजे.

"अरे वा!" मी म्हटलं. "कोण बाई?"

मॅडमनी काडीकडे बोट दाखवलं.

काडी म्हणजे आमची नेहमीची मॉडेल. अंगावर मूठभर मांस नाही, पण पोरगी गुणाची. सकाळी आली की "मावशी, चहा घेतलात का?" असं विचारणार आणि स्वतः मात्र गरम कप नुसता हातात धरून बसणार. कंपनीच्या प्रत्येक दुकानात तिचाच चेहरा लागलेला.

"लोकांना ओळखीचा चेहरा लागतो," मॅडम म्हणाल्या. "आपण हिलाच जाड करू. आतून गाद्या बांधायच्या."

"आणि सरळ एखादी जाड बाई आणली तर?"

"तुला गाद्या शिवता येतील का, तेवढं सांग."

शिवता येतील का म्हणे! मला काय शिवता येत नाही? पण घरी जाताना डोक्यात किडा वळवळायला लागला. गादी शिवायची तर आकार माहीत हवा. पोट म्हणजे काही नुसता पुढे बांधलेला गोळा नव्हे. ते सुरू कुठून होतं? कमरेवरची वळी पाठीकडे जाता जाता नेमकी कुठे नाहीशी होते? दंड काखेला कसा मिळतो? एवढी वर्षं माणसांच्या पाठीमागे उभी राहून काम करते, आणि हे मला सांगता येईना. आमच्या बिल्डिंगचा जिना चढताना पहिल्या मजल्यावरचं दार उघडं दिसलं आणि मी थबकले. आतून आमच्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज येत होता.

जाऊबाई अंगाने चांगल्या भरभक्कम. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. शिकणारा माणूस समोरचा ट्रक बघून डोळे मिटून घेतो, तेव्हा त्या आपल्या बाजूचा ब्रेक शांतपणे दाबतात आणि मग तोंडाचा पट्टा सोडतात. कुणाला भीक घालणाऱ्यातल्या नाहीत. फक्त घरात फोटो काढायची वेळ आली की पहिल्या उठतात. "द्या इकडे तो मोबाईल, मी काढते." आणि अगदीच कुणी हाताला धरून ओढलं तर सगळ्यांच्या मागे, अंग चोरून, पोटापुढे पर्स धरून उभ्या राहतात.

मी आत गेले आणि म्हटलं, "जाऊबाई, तुमचं पोट हवंय."

भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबला. "कशाला गं?"

"एका पोरीला घालायचंय."

मी सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. पण त्यांनी सुरी खाली ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत माझ्यासारखीच चमक आली. "म्हणजे माझं पोट घालून ती चालणार? आणि मी बघणार? धाकटे, कधी करायचं बोल."

रविवारी सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात आम्ही तो उद्योग केला. त्यांना एक जुना टी-शर्ट घालायला लावला आणि त्यावरून रुंद चंदेरी चिकटपट्टी गुंडाळायला घेतली. गळ्यापासून खाली, मांडीपर्यंत, एकावर एक थर. जाऊबाईंच्या हसण्याने पट्टी सारखी सुटत होती. तेवढ्यात थोरले दीर पाणी प्यायला आले आणि बायकोकडे बघून दारातच उभे राहिले.

"हिला कुठे पाठवतेयस?" त्यांनी मला विचारलं.

"जाहिरातीत," मी म्हटलं.

"परत आली म्हणजे झालं," ते म्हणाले आणि पाणी न पिताच गेले.

मग मी पाठीवरून कात्रीने उभं कापलं आणि ते टरफल अलगद उतरवून, मागची चीर पुन्हा चिकटवून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ते आपलं आपण उभं राहिलं. डोकं नाही, हातपाय नाहीत, पण जाऊबाईच. जाऊबाई हळूहळू टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या.

"ही माझी पाठ?"

"मग कुणाची?"

"मी कधी बघितलीच नव्हती गं नीट. दुकानात त्या तिहेरी आरशात दिसते ना, तेव्हा मी डोळे मिटून घेते. मला वाटायचं फारच भयंकर असणार." त्यांनी टरफलावर हात ठेवला आणि खांद्यापासून कमरेपर्यंत फिरवला. "चांगली आहे की. गोल आहे नुसती."

टरफल आतून अस्तर म्हणून ठेवून त्यावर मी फोम आणि कापूस भरला, वरून मऊ कापड शिवलं, पुढे चेन लावली. मला स्वतःलाच कौतुक वाटावं असं झालं होतं. आणि ठरल्याप्रमाणे फोटोच्या दिवशी जाऊबाई सुट्टी टाकून माझ्याबरोबर स्टुडिओत आल्या. मॅडम त्या दिवशी यायच्या नव्हत्या, तेव्हा अडवणारं कुणी नव्हतं.

काडीला ते अंग चढवलं, वरून विटकरी रंगाचा लोकरीचा कोट घातला. आणि काय सांगू! पोरीने खांदे आत घेतले, मान खाली घातली, दोन्ही हात पोटावर बांधले आणि कोपऱ्यात उभं राहावं तशी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"अगं, जरा मोकळी उभी राहा," आमचा फोटोग्राफर ओरडला. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. "तुला शिक्षा केलीय का कुणी?"

"मला कळतच नाहीये कसं उभं राहायचं," काडी म्हणाली. "जाड माणसं अशीच उभी राहतात ना?"

भिंतीशी बसलेल्या जाऊबाई माझ्याकडे झुकल्या. "मी अशी उभी राहते?" त्यांनी कानात विचारलं.

खोटं बोलणार होते, पण नाही जमलं. "एरवी नाही. फोटोत मात्र अशाच."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता उठून घरी जातील. त्या उठल्या, पण थेट दिव्यांच्या उजेडात गेल्या.

"इकडे बघ पोरी. ते आत ओढून कुठे नेणार आहेस? ते येतंच आपल्याबरोबर. वजन पुढे आहे ना, मग पाठ जरा मागे. पायांत अंतर ठेव. हं. आता ते हात काढ पोटावरून. कुणी चोरून नेत नाही ते."

सगळा स्टुडिओ हसला, काडीही हसली, आणि हसताना तिचे खांदे सुटले. जाऊबाईंनी तिला चालवलं, वळवलं, जिना असल्यासारखं पाऊल टाकायला लावलं. मग काडी दमून खुर्चीत बसायला गेली आणि खुर्चीच्या दोन हातांमध्ये अशी अडकली की मला आणि उस्तादला ओढून काढावी लागली.

"हात असलेल्या खुर्चीच्या वाटेला जायचंच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "खोलीत शिरलं की आधी खुर्च्या बघून घ्यायच्या."

"काकू, तुम्ही कुठेही गेलात की आधी खुर्च्या बघता?"

"हो. तू काय बघतेस?"

"मी आरसे कुठे आहेत ते बघते," काडी म्हणाली.

"काकू, तो खिशात हात घालायचा प्रकार तुम्हीच कोट घालून दाखवा ना," उस्ताद म्हणाला. काडीच्या अंगावरून कोट निघाला आणि जाऊबाईंच्या अंगावर गेला. मी सवयीने मागे धावले, पण मला तिथे काही कामच नव्हतं. जाऊबाई पाय रोवून उभ्या राहिल्या, दोन्ही हात खिशात घातले आणि मान वळवून काडीला म्हणाल्या, "अस्सं! कळलं का गं?" तेवढ्यात उस्तादने फोटो काढला. मग कोट परत काडीला चढवून तिचेही तसेच फोटो काढले.

कॉम्प्युटरवर जाऊबाईंचा फोटो आला तेव्हा सगळे वाकून बघायला लागले. फोटोत जाऊबाई हसत होत्या. लाजून नव्हे, दात काढून नव्हे, कुणाला तरी काहीतरी शिकवताना माणूस हसतो तसं. उस्ताद हळूच म्हणाला, "काकू, हा मी मॅडमना पाठवतो."

"हा लागेल?" जाऊबाईंनी विचारलं. इतका लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

परत येताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "धाकटे, मला तो फोटो लागायला हवाय गं. दुकानाच्या काचेत. मोठा. लोक म्हणोत काय म्हणायचं ते. मला हवाय." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलला सांगूनही आल्या.

मॅडमनी काडीचा फोटो निवडला.

मी तावातावाने त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मॅडम, समोर खरी बाई आहे आणि तुम्ही गादी घेताय?"

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, बराच वेळ बघितले आणि काडीच्या फोटोवर बोट ठेवलं. "ही जास्त खरी वाटते."

मी आल्या पावली परत फिरले. तसं सहसा होत नाही.

घरी गेल्यावर जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं. मग विचारलं, "कुठल्या दुकानात लागलाय?" काचेत फोटो लागल्यावर मी त्यांना घेऊन गेले, कारण नेलं नसतं तर एकट्या गेल्या असत्या.

काचेत काडी उभी होती, माणसाहून मोठी. पाठ जरा मागे, पायांत अंतर, हात खिशात.

"उभी छान राहिलीय," जाऊबाई म्हणाल्या.

"हो."

"पोट माझं ना?"

"हो."

"पाठ माझी. उभं राहणं माझं." त्या बोटाने एकेक दाखवत होत्या. "म्हणजे यातलं काहीच वाईट नव्हतं, धाकटे. मी आयुष्यभर पोटाला बोल लावला. पोटामुळे आपल्याला कुणी पुढे घेत नाही, असंच वाटायचं. आणि बघ, पोट घेतलं त्यांनी. सगळं घेतलं. मीच तेवढी नको होते."

मला त्या काचेवर चप्पल फेकून मारावीशी वाटली. रडूही येत होतं. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि रुमाल शोधायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. मी काढला की "जाऊ दे गं," म्हणायच्या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी विचारलं तर "अजून लागायचाय" असं सांगत होत्या, हे मला दिरांकडून कळलं.

इकडे स्टुडिओत पुढच्या कपड्यांचे फोटो सुरू व्हायचे होते. पँट्स, जाकिटं, स्वेटर. आदल्या दिवशी काडी एक भली मोठी पिशवी घेऊन आली आणि माझ्यासमोर रडायलाच लागली.

"मावशी, दिव्यांखाली घाम येतो ना, त्याला वास यायला लागला होता. मला लाज वाटली. म्हणून मी घरी नेऊन धुतलं."

"कशात?"

"मशीनमध्ये. गरम पाण्यात."

मी पिशवी उपडी केली. कापसाचे गोळे झाले होते, फोमचा भुगा झाला होता, आणि आतलं टरफल म्हणजे नुसता चिकट बोळा. जाऊबाईंचं जे काही मी एवढं निगुतीने घडवलं होतं ते सगळं पार वाहून गेलं होतं. खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण मी ते बोळे बघत उभी राहिले आणि आतल्या आत मला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. अर्धी जाहिरात त्या अंगानिशी छापून बाहेर पडली होती. आता उरलेल्या अर्ध्यात निराळं अंग कसं चालेल? "जा आणि त्या तुझ्या नातेवाईक बाईंना पुन्हा गुंडाळ," त्या म्हणाल्या.

मी जाऊबाईंकडे गेले आणि निरोप जशाच्या तसा सांगितला.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"पोट आता एकटं कुठे जायचं नाही. जिथे जाईल तिथे मी बरोबर जाणार. डोक्यासकट. सांग तुझ्या मॅडमला."

मी अगदी शब्दन् शब्द सांगितला. इतक्या आनंदाने मी कुणाचा निरोप कधी पोहोचवला नसेल. मॅडमनी आधी फोन केला, तर जाऊबाई म्हणाल्या की फोनवर बोलण्यासारखं नाही. शेवटी मॅडम स्वतः निघाल्या, मला बरोबर घेऊन. जाऊबाई स्कूलच्या गाडीत बसलेल्या, बाजूला स्टिअरिंगवर एक शिकाऊ आजोबा.

"माझी शिकवणी चालू आहे," जाऊबाई काचेतून म्हणाल्या. "बोलायचं असेल तर मागे बसा. पट्टा लावा."

मॅडम बसल्या. मीही बसले. गाडी दोन आचके देऊन निघाली.

"मला भांडायचं नाही," जाऊबाई समोर बघत म्हणाल्या. "मला कळून घ्यायचंय. आजोबा, आरसा बघा. माझा फोटो का नाही घेतलात?"

"कसं आहे ना, ब्रँडच्या दृष्टीने आम्हाला—"

"आजोबा, डावीकडे. मॅडम, खरं सांगा. मी कुणाला सांगायला जाणार नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. "तुमचा फोटो चांगला होता," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "फार चांगला होता. पण लोकांनी कोट बघितला नसता, तुम्हाला बघितलं असतं. आमच्या मॉडेलचं कसं, लोकांना आतून माहीत असतं की संध्याकाळी ही पुन्हा बारीक होणार. म्हणून ते निवांत बघतात. तुम्हाला बघून त्यांना वाटतं..."

"काय वाटतं?"

"की आपणही अशा झालो तर?"

मी मॅडमना नेहमी आखडू समजत आले, पण हे खरं बोलायला त्यांना जड गेलं होतं, ते आवाजावरूनच कळत होतं.

"पण हा कोट तुम्ही शिवला कुणासाठी?" जाऊबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंच राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "ज्या अशा होतील की काय म्हणून घाबरतात, त्यांच्यासाठी? का ज्या आहेतच, त्यांच्यासाठी? ज्या आहेत त्यांना माझी कसली भीती? त्यांना थंडी वाजते."

पुढे सिग्नल लागला आणि आजोबांनी गाडी बंद पाडली. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. आजोबांनी चावी फिरवली नाही. समोर बघतच ते म्हणाले, "आमची ही तुमच्याएवढीच होती. तिच्या मापाचा कोट कुठे मिळायचा नाही. थंडीत माझा घालायची. बाह्या एवढ्या लांब लोंबायच्या."

"मग तुम्ही काय घालायचात?" मागून मॅडमनीच विचारलं.

"मी दोन स्वेटर घालायचो," आजोबा म्हणाले. "गेली बिचारी, पण तिला तिचा असा कोट काही मिळाला नाही."

"क्लच दाबा, आजोबा," जाऊबाई अगदी हळू म्हणाल्या.

उतरताना मॅडम दार धरून घुटमळल्या. "सोमवारी सकाळी या," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "कोटाचाही फोटो पुन्हा काढू. तुम्ही आणि आमची मॉडेल, दोघी. तिच्या मापाचा कोट तिला, तुमच्या मापाचा तुम्हाला."

"डोक्यासकट?"

"डोक्यासकट."

मॅडम दिसेनाशा होईपर्यंत जाऊबाई ताठ बसून होत्या. मग माझ्याकडे मागे वळल्या. "ती नाही म्हणाली असती तर गं?" त्या म्हणाल्या. "मी नंतर घरी जाऊन रडले असते."

नवा फोटो लागला त्या दिवशी जाऊबाई, काडी आणि मी, तिघी बघायला गेलो. जाऊबाईंनी केस नीट केले होते, ठेवणीतली कुडती घातली होती. काचेत दोघी शेजारी शेजारी, एकाच रंगाचे दोन कोट, आणि जाऊबाई काडीला काहीतरी सांगून हसवतायत. जाऊबाई फोटोकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघत होत्या. माणसं जात होती. एक-दोघांनी वळून बघितलं, एक पोरगं बोट दाखवून हसलं, तेव्हा त्यांनी हनुवटी वर केली.

मग एक बाई आली. अंगाने जाऊबाईंपेक्षा काकणभर जास्तच. हातात दोन पिशव्या. ती काचेपाशी थांबली, पुढे वाकली, डोळे बारीक करून बघायला लागली. जाऊबाईंनी माझा दंड आवळला. त्या बाईने मान वळवली आणि थेट जाऊबाईंकडे बघितलं.

"अहो, याचे खिसे खरे असतील का हो?" तिने विचारलं. "का नुसतीच शिवण असते?"

"खरे आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "चांगले खोल आहेत."

"बरं झालं," ती बाई म्हणाली आणि पिशव्या सावरत दुकानात शिरली.

जाऊबाई तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. "अगं, तिने ओळखलं नाही मला!"

"नाही ओळखलं."

"फोटोतल्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नाही मेलीने! एवढी भांडले मी त्या तोंडासाठी! खिसे बघितले आणि गेली!"

"काकू, माझ्या तोंडाकडेही काचेपाशी थांबून कुणी बघत नाही," काडी म्हणाली. "कपडे घ्यायला आलेली माणसं नुसते कपडे बघतात."

आत ती बाई कोट अंगावर चढवत होती, विक्रेती तिची कॉलर सारखी करत होती. जाऊबाई काचेतून ते बघत राहिल्या, बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"असं असतं होय?" त्या म्हणाल्या. "नुसता कोट बघतात? किती बरं वाटतं गं."